मदत हवी आहे: चिनी मातीच्या दिव्यातून उजेड झिरपत नाही, जास्त तापवला तर भट्टीत वाकतो

नमस्कार. मी पुण्यात प्रॉडक्ट डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात आमचा तिघांचा गट चिनी माती आणि उजेड यावर काम करतोय. ज्युरीला तीन आठवडे उरलेत आणि आम्ही अडकलोय. इथे भट्टीवर हात बसलेली माणसं आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

करायचाय तो रात्रभर चालू ठेवता येईल असा मंद दिवा. साधारण १५ सेंटीमीटर उंच, वर निमुळता, आत एलईडी. तो सुचला माझ्या आजीवरून. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रात्री ट्यूबलाइट लावली की तिचे डोळे दिपतात, आणि न लावता उठली तर मोरीपर्यंत भिंत चाचपत जाते. कागदाची, कापडाची, ॲक्रिलिकची शेड करून पाहिली. पण चिनी मातीतून येणारा उजेड भिंतीच्या आतूनच उमटल्यासारखा दिसतो. तो पाहिल्यावर दुसरं काही करावंसंच वाटेना.

आमचं मिश्रण: चायना क्ले ३०, बॉल क्ले २०, फेल्डस्पार २५, क्वार्ट्झ २५. मिश्रण पातळ होण्यासाठी थोडं सोडियम सिलिकेट. प्लास्टरच्या दोन भागांच्या साच्यात स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) ओततो, सात-आठ मिनिटांनी उरलेली उलटी करून काढून टाकतो. भिंत साधारण २ मिलिमीटर भरते. बिस्क, म्हणजे पहिली भाजणी, ९५० अंशांना, मग इलेक्ट्रिक भट्टीत वरची भाजणी.

पहिल्या खेपेला १२२० अंशांना भाजलं. आकार छान राहिला, पण आत बल्ब लावल्यावर काहीच दिसेना, शेड नुसती पांढरी भिंत. दुसऱ्या खेपेला १२८०पर्यंत नेलं. थोडा उजेड आला, पण मळकट, करडा-पिवळा. आणि चारपैकी तीन शेड वाकल्या, वरचा काठ गोलाचा लंबगोल झाला.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाहीये. साच्यातून काढताना एका शेडला माझा अंगठा जोरात लागला होता. भाजल्यावर बल्ब लावला तर तेवढा ठसा उजळला, अंगठ्यावरच्या रेषांसकट. तिथे जाडी जेमतेम १ मिलिमीटर असेल. म्हणजे ही माती उजेड सोडते, एवढं नक्की.

बोन चायना करा, असं दोघांनी सुचवलं. त्यात निम्म्याच्या आसपास हाडांची राख असते. आजी माळकरी आहे, बोन चायनाच्या कपातून चहासुद्धा घेत नाही. तिच्यासाठी केलेली वस्तू तिला हात लावावासा वाटणार नाही अशी मला करायची नाही.

तर विचारायचं असं: आहे त्याच भट्टीत २ मिलिमीटरच्या भिंतीतून स्वच्छ उजेड कसा मिळेल? आणि काठ गोल कसा राहील?

प्रतिसाद, भट्टीकर:
तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुझ्याच यादीत आहे. बॉल क्ले काढून टाक. तिच्यात लोह आणि टायटॅनियम असतं, त्यानेच उजेड अडतो आणि पिवळट होतो. बॉल क्ले घालतात ती मातीला चिवटपणा यावा म्हणून. चाकावर ते लागतं, ओतकामात तेवढं अडत नाही. ५० चायना क्ले, २५ फेल्डस्पार, २५ बारीक क्वार्ट्झ घे आणि १२८०लाच भाज. चायना क्ले घेताना लोह-टायटॅनियम कमी असलेलीच माग. कच्ची शेड आता जास्त ठिसूळ होईल, साच्यातून काढायची घाई करू नकोस.

१२२०ला काही दिसलं नाही, कारण त्या तापमानाला तुझ्या मातीत पुरेशी काच झालीच नाही. कणांमधल्या फटी तशाच राहिल्या की उजेड तिथेच विखुरतो. फेल्डस्पार वितळून त्या भरल्या की तो पार जातो. पण हीच काच गरम असताना मऊ असते, म्हणून शेड वाकते. या दोन्ही गोष्टी बरोबरच येणार, त्यामुळे भट्टीत शेडला आधार हवा.

त्याच मातीची जाड कडी कर आणि शेड काठावर उलटी तिच्यात बसव. कडी कच्चीच हवी, कारण ती शेडबरोबर तेवढीच आकसली पाहिजे. आधी भाजलेली कडी आकसत नाही, तिच्यावर काठ ताणून तडकतो. मध्ये ॲल्युमिनाची पूड लाव, नाहीतर चिकटेल. दर खेपेला नवी कडी लागेल.

प्रतिसाद, मातीचे_हात:
पूर्ण शेड भाजण्याआधी पायऱ्यांची पट्टी करून बघ: १, १.५, २, ३ मिलिमीटर. कच्च्या मातीकडे बघून उजेडाचा अंदाज येत नाही, भाजावीच लागते.

तो अंगठ्याचा ठसा सोडू नकोस. १८२७मध्ये फ्रान्समध्ये याच तत्त्वावर लिथोफेनचं पेटंट घेतलं गेलं. पातळ पोर्सेलिनवर कमी-जास्त खोलीचं कोरीव काम, मागे दिवा धरला की चित्र उमटतं. ते कुठल्याही रंगाविना, नुसत्या जाडीच्या फरकाने. आणि बिस्क झालेली शेड घासायची असेल तर ओलं घास, वर मास्क लाव. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते, ती निघत नाही.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. बॉल क्ले काढून पट्टी भाजली, काल भट्टी उघडली. मागून मोबाइलचा टॉर्च धरला तर २ मिलिमीटरच्या पायरीतून माझ्या बोटाची सावली सरळ दिसली. उजेड दुधासारखा, पिवळेपणा जवळजवळ गेलाय. कडीवर उलटी भाजलेली एक शेडही बाहेर आली. काठ मोजपट्टीने दोन्हीकडून मोजला, गोल आहे.

आता नवीन अडचण. साच्याच्या जोडाची रेघ मी कच्च्यावर खरवडून, ओल्या स्पंजने पुसून पूर्ण घालवली होती. हात फिरवला तर लागत नव्हती. भाजल्यावर ती पुन्हा वर आलीये, आणि बल्ब लावला की वरपासून खालपर्यंत दिसते. खरवडण्याऐवजी आधी दाबून घ्यायला हवी होती का? की साचाच एकसंध करावा लागेल?