मदत हवी आहे: खोल समुद्रातल्या माशांचे फोटो ओळखायचे कसे?

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीला खोल समुद्रातल्या माशांचं वेड आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला प्रत्येक फोटो ती मला दाखवते आणि विचारते, "मामा, हा खरा आहे का?"

एक उलगडला. मेकाँग नदीत १९७३ साली पकडलेली 'नागराणी' म्हणून फिरणारा फोटो खरा आहे, मजकूर खोटा. तो १९९६ साली कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ सापडलेला ओअरफिश (पट्टीसारखा लांबलचक खोल समुद्रातला मासा), सुमारे ७ मीटर लांब! उचलून धरणारे अमेरिकन नौदलाचे जवान.

अडलंय काळ्या अँग्लरफिशपाशी (डोक्यावर उजेडाची दांडी असलेला खोल समुद्रातला मासा). जानेवारी २०२५ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटाजवळ तो भरदिवसा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आलेला दिसला, तो व्हिडिओ खरा. पण त्याची मादीसुद्धा जेमतेम वीतभर असते (नर तर बोटाच्या पेराएवढा), आणि आता दोन माणसांनी मिळून उचललेल्या अँग्लरफिशचा फोटो फिरतोय. गूगलवर फोटो टाकून पाहिला, मूळ सापडलं नाही.

दात, पर, डोक्यावरची उजेडाची दांडी, यांत नेमकं काय तपासायचं? मत्स्यशास्त्र शिकलेलं कुणी आहे का इथे? तिला नुसतं 'खोटा आहे' म्हणायचं नाहीये, का ते बोट ठेवून दाखवायचंय.