आरएसयूवर पगारातच कर कापला, मग विकल्यावर पुन्हा कशाला?

नवशिकी:
आमची मूळ कंपनी अमेरिकेतली, ती पगाराचा भाग म्हणून आपले शेअर देते, तेच आरएसयू. मे २०२५ मध्ये १०० शेअर व्हेस्ट झाले, म्हणजे माझ्या मालकीचे झाले, पण खात्यात आले ६८. बाकीचे करापोटी विकले म्हणे. जानेवारी २०२६ मध्ये पैसे लागले म्हणून ६८ही विकून टाकले. आता ब्रोकरच्या स्टेटमेंटमध्ये खरेदी किंमत चक्क शून्य! म्हणजे सगळ्या रकमेवर परत कर? भाऊ म्हणतो, कंपनीने कापलाय, विषय संपला. कोणाचं खरं?

खतावणी:
भावाचं अर्धं खरं आणि स्टेटमेंटचं अजिबात नाही. मी पेरोलमध्ये काम करतो, दर जूनमध्ये हाच प्रश्न माझ्या टेबलावर येतो.

व्हेस्ट झाल्या दिवशीची किंमत हा तुमचा पगारच. तो परक्विझिट (पगारासोबत मिळालेला लाभ) म्हणून फॉर्म १६ मध्ये धरला गेला, ३० टक्के आणि त्यावर सेस मिळून ३१.२ टक्के टीडीएस झाला, म्हणून ३२ शेअर गेले. ज्या किमतीवर हा कर भरलात, तीच विक्रीच्या वेळी तुमची खरेदी किंमत. शून्य नव्हे.

सोपे आकडे घेऊ. व्हेस्टला भाव ४० डॉलर, डॉलरचा दर ८४ रुपये: खरेदी ३,३६०. विकताना भाव ३८, दर ८९: मिळाले ३,३८२. डॉलरमध्ये दोनचा तोटा, पण आपल्याकडे शेअरमागे २२ रुपये नफा! ६८ शेअरचे १,४९६. कर फक्त त्यावर. दर मात्र गूगलवरचा घेऊ नका. विक्रीच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक डॉलर विकत घेते तो दर) लागतो.

परदेशी शेअरला दीर्घ मुदत २४ महिन्यांनंतर सुरू होते. तुमचा नफा अल्प मुदतीचा, स्लॅबप्रमाणे कर. दोन वर्षं ठेवले असते तर १२.५ टक्के. भारतीय शेअरवरची सव्वा लाखाची सूट इथे नाही.

कडूकारलं:
भाव पडला की खरी गंमत. ४० ला व्हेस्ट, २० ला विकले, तरी पगाराचा कर ४० वरच. तोटा भांडवली, तो पगारातून वजा होत नाही. पुढची आठ वर्षं ओढता येतो, तोही रिटर्न मुदतीत भरलं तरच. म्हणून मी व्हेस्ट झाल्या झाल्या विकते. जिथे पगार तिथेच सगळी पुंजी कशाला? ऑफिसात यावर मला भित्री म्हणतात, म्हणोत बापडे.

खतावणी:
ताई, सहमत. आणखी एक, कारण सगळे इथेच अडकतात: रिटर्नचा आयटीआर-१ फॉर्म चालणार नाही, आयटीआर-२ भरा. त्यात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) कॅलेंडर वर्षाचं असतं. या रिटर्नमध्ये जानेवारी ते डिसेंबर २०२५. विकले जानेवारीत, म्हणजे ३१ डिसेंबरला शेअर तुमच्याकडे होते, ते दाखवायचेच. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला या दंडातून सूट आहे, पण माहिती देणं सुटलेलं नाही.

नवशिकी:
बापरे. आणि सप्टेंबरमध्ये थोडा डिव्हिडंड आला होता, त्यातून २५ टक्के आधीच कापलेत. तो सोडून देऊ?

कडूकारलं:
सोडायचा नाही! पूर्ण डिव्हिडंड, कापण्याआधीचा, उत्पन्नात दाखवा. अमेरिकेत कापलेल्याचं क्रेडिट, म्हणजे इथल्या करातून वजावट, फॉर्म ६७ भरून मिळतं. २५ कापलेत म्हणजे तुमचा डब्ल्यू-८बेन (आपण अमेरिकेचे रहिवासी नाही असं सांगणारा फॉर्म) भरलेला आहे, नाहीतर ३० गेले असते. शेअर विक्रीच्या नफ्यावर मात्र अमेरिका आपल्याकडून काही घेत नाही.

नवशिकी:
आणि ते करापोटी विकलेले ३२?

खतावणी:
तीही तुमचीच विक्री. त्याच दिवशीची, म्हणून नफा जवळपास शून्य. पण रिटर्नच्या कॅपिटल गेन्स (भांडवली नफा) भागात ती नोंद हवी. मेचं ब्रोकर स्टेटमेंट वेगळं डाउनलोड करा, जानेवारीच्यात ते दिसणार नाहीत.