मदत हवी आहे: 'तालीम-ए-बालिगां' देवनागरीत कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, पीटीव्हीचं (पाकिस्तानच्या सरकारी टीव्हीचं) जुनं उर्दू विनोदी नाटक 'तालीम-ए-बालिगां' (म्हणजे प्रौढ शिक्षण) कुणी पूर्ण पाहिलंय का? ख्वाजा मोईनुद्दीन यांनी लिहिलेलं, महमूद अली शिकवणाऱ्या मौलवीसाहेबांच्या भूमिकेत आणि वर्गात खाटीक, न्हावी, धोबी असे मोठ्या वयाचे विद्यार्थी. जिनांचं ते इत्तेहाद, तंजीम, यकीन-ए-मोहकम (एकता, शिस्त, दृढ विश्वास) हे ब्रीदवाक्य चक्क मटक्यांवर लिहिलंय, आणि पीटीव्ही सुरूच झालं १९६४ ला, एवढ्या लवकर असं दाखवायला खरंच हिंमत लागते!

माझ्याकडच्या कॉपीत आवाज खराब आहे, बोलतातही भराभर त्यामुळे निम्मे विनोद कळतच नाहीत आणि उर्दू लिपी मला येत नाही, तर देवनागरीत संहिता किंवा हिंदी सबटायटल्स कुठे मिळतील? लेखक मूळचे हैदराबाद दख्खनचे, त्यामुळे हैदराबाद-मराठवाड्याकडच्या कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, वडिलांना नीट दाखवायचंय