मदत हवी आहे: कोझिकोड अपघात, सहवैमानिकाचा अधिकार

मंडळी, ७ ऑगस्ट २०२० च्या कोझिकोड विमान अपघातावर लेख लिहितोय, एका मुद्द्यावर अडलोय. विमान बोइंग ७३७, भर पाऊस, टेबलटॉप धावपट्टी (म्हणजे पठारावरची, टोकाला खोल उतार असलेली). पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला. मग उलट दिशेने, म्हणजे पाठीवर वारा घेऊन, दुसरा प्रयत्न. धावपट्टी २७०० मीटरची आणि चाकं टेकली जवळपास १३५० मीटरवर! २१ जणांचा मृत्यू झाला, दोन्ही वैमानिकही गेले.

चौकशी अहवाल वाचलाय, त्यामुळे त्याची लिंक नको. यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहिले. त्यात सगळा भर दोष कुणाचा यावरच. कॅप्टन साठे मराठी, हवाई दलातले जुने वैमानिक, म्हणून बाजू घ्यायची किंवा झोडपायचं, दोन्ही मला करायचं नाही.

सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ (उतरणं सोडून पुन्हा वर चला) म्हटलं होतं, तरी विमान उतरवलं गेलं. रिव्हर्सर (इंजिनाचा जोर उलटा करून विमान थांबवणारी यंत्रणा) उघडल्यावर पुन्हा उड्डाण करायचं नसतं, एवढं कळलं. विमान कंपनीत काम केलेल्या कुणी सांगावं: कॅप्टनने ऐकलं नाही, तर सहवैमानिकाने नियमाप्रमाणे स्वतः कंट्रोल घ्यायचे असतात का, आणि सिम्युलेटरवर त्याचा सराव खरंच करून घेतात का?