मोंपॉसला एक दिवस पुरणार नाही

कोलंबियातील मोंपॉस हे नदीकाठचे जुने शहर एका दिवसात पाहून होते, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. मागदालेना नदीचा मुख्य प्रवाह दुसऱ्या फाट्याकडे वळला, मोठ्या बोटी येईनाशा झाल्या आणि हे भरभराटीचे बंदर मागे पडले. त्यामुळेच तिथली वसाहतकालीन घरे टिकली आणि १९९५ मध्ये शहराच्या ऐतिहासिक भागाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सांता बार्बारा चर्चचा सज्जा असलेला अष्टकोनी मनोरा उन्हे चढण्यापूर्वी पाहावा. खरा वेळ मात्र चांदीच्या तारकामासाठी राखून ठेवावा: कारागीर चांदी ओढून केसासारखी बारीक तार काढतो, दोन तारांना पीळ देऊन त्या चपट्या करतो आणि चिमट्याने वळवलेले एकेक वेटोळे पाकळीच्या चौकटीत बसवतो. हे घाईत पाहण्यासारखे नाहीच. दुपारी उशिरा होडीने पिहिन्यो सरोवराकडे जावे, पक्षी पुष्कळ दिसतात. संध्याकाळी लोक झुलत्या खुर्च्या दाराबाहेर मांडून बसतात, तेव्हा पदर सुटणारे स्थानिक चीज घेऊन नदीकाठाने चालावे. ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात जाणार असाल, तर खोली फार आधी ठरवा.