चर्चला दरमहा किती द्यावं? आणि हिशेब विचारला तर वाईट दिसेल का?

रविवारची_घाई (धागाकर्ती):
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा अवघड जागेचा आहे. घरी बोलून पाहिलं तर भांडणच निघालं, म्हणून इथे विचारतेय.

आम्ही कॅथलिक. बाबा होते तोवर चर्चचं दान हे त्यांचं खातं. मी मिस्सेला (रविवारच्या उपासनेला) जायचे, दानाची पिशवी फिरत आली की पर्समध्ये हात घालायचे आणि लागेल ते टाकायचे. चुकून मोठी नोट हाताला लागली तर (खोटं कशाला बोलू) ती परत ठेवून लहान शोधायचे. दोन रांगा पुढे पिशवी दिसते ना, तेवढ्या अर्ध्या मिनिटात माझं औदार्य ठरायचं.

बाबा सात महिन्यांपूर्वी गेले. कपाट आवरताना त्यांच्या पाकिटांचा गठ्ठा सापडला. आमच्या पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चला जोडलेल्या कुटुंबांच्या समाजात) प्रत्येक कुटुंबाला वर्षाची 52 पाकिटं मिळतात. वर कुटुंबाचा क्रमांक आणि त्या त्या रविवारची तारीख. त्यातली 19 कोरी उरली होती. सोबत एक छोटी वही, दर शनिवारची रक्कम लिहिलेली. एका पानावर सलग पाच आठवडे रकमेपुढे "कमी" लिहिलंय आणि खाली "भरून काढणे". तारखा जुळवल्या तेव्हा कळलं, ते माझ्या बाळंतपणाचे दिवस होते. दवाखान्याचं बिल बाबांनी भरलं होतं. पुढची पानं उलटली तर थोडं थोडं करून त्यांनी ते खरंच भरून काढलंय. आम्हाला कोणाला पत्ता नाही.

आता कुटुंबप्रमुख म्हणून माझ्या नावाने फॉर्म आलाय. या वर्षी दरमहा किती देऊ इच्छिता, आणि पुढे रिकामी चौकट. तो फॉर्म तीन आठवडे फ्रिजवर लटकतोय.

दशांश म्हणजे मिळकतीचा दहावा भाग द्यायलाच लागतो का? घराचे हप्ते, मुलीची फी, सासूबाईंची औषधं हे सगळं धरलं तर दहावा भाग काढल्यावर महिन्याच्या वीस तारखेपासून आम्ही उसनवारीवर येऊ.

दुसरं जास्त नाजूक आहे. तीन वर्षांपूर्वी छपरासाठी खास वर्गणी झाली. आम्हीही दिली. छप्पर अजून गळतंय, पावसात डाव्या बाजूच्या वेदीशी बादली ठेवलेली असते. आणि मध्यंतरी नवे स्पीकर मात्र आले. नवरा म्हणतो, "आधी बादली उचला, मग फॉर्म भरू." मला त्याचं पटतंही आणि पटतही नाही. फादर माणूस म्हणून फार चांगले आहेत. त्यांना पैशाचं विचारायला जीभ रेटत नाही. काय करू?

जुनी_घंटा:
ताई, पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय 9, ओवी 7 काढा. संत पौल म्हणतो, ज्याने त्याने आपल्या मनात ठरवलं असेल तसं द्यावं, कुरकुरत नको की भाग पडलं म्हणून नको. सगळे "संतोषाने देणारा" एवढंच पाठ करतात. माझ्या मते त्यातला वजनदार शब्द "ठरवलं" हा आहे. पहिल्या पत्रात (अध्याय 16) तर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवा असं स्पष्ट आहे. तुमचे बाबा शनिवारी रात्री तेच करत होते.

कलम_किडा:
दशांशाबद्दल आधी. चर्चच्या सध्याच्या कायद्यात, म्हणजे 1983 च्या कॅनन लॉमध्ये, दहा टक्क्यांची सक्ती नाही. कॅनन (म्हणजे कलम) 222 म्हणतो की उपासना, प्रेषितकार्य, सेवाकार्य आणि सेवकांचा चरितार्थ यांसाठी चर्चच्या गरजांना हातभार लावणं हे श्रद्धावंतांचं कर्तव्य आहे. कर्तव्य आहे, आकडा नाही. कॅथलिक धर्मशिक्षणातही (परिच्छेद 2043) "ज्याच्या त्याच्या कुवतीनुसार" असंच आहे. दहावा भाग जुन्या करारातून येतो आणि ज्याला झेपतो त्याने जरूर द्यावा, पण त्यावरून कोणी तुम्हाला धाक घालत असेल तर तो त्याचा स्वतःचा कायदा समजा.

आता बादली. इथे तुमच्या यजमानांच्या बाजूने कायदा उभा आहे. कॅनन 1267 चा तिसरा परिच्छेद: विशिष्ट हेतूसाठी दिलेलं दान त्याच हेतूसाठी वापरता येतं. छपराचे पैसे छपराचेच. आणि कॅनन 1287 चा दुसरा परिच्छेद: श्रद्धावंतांनी जे अर्पण केलं त्याचा हिशेब व्यवस्थापकांनी श्रद्धावंतांना द्यायचा आहे. शिवाय कॅनन 537 प्रमाणे प्रत्येक पॅरिशला फायनान्स कमिटी असायलाच हवी, ती काही फादरांच्या मर्जीवर नाही. म्हणजे हिशेब विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. तुम्ही मागताय ते चर्चने आधीच कबूल केलेलं आहे.

फक्त "स्पीकर आले म्हणजे छपराचे पैसे तिकडे गेले" असं गृहीत धरून जाऊ नका. आधी विचारा.

नास्तिक_शेजारी:
मी तुमच्यातला नाही, तरी राहवत नाही म्हणून लिहितो. एवढा विचार करून पैसे द्यायचेच तर थेट एखाद्या गरजू मुलाच्या शिक्षणाला का देत नाही? इमारतीला आणि स्पीकरला कशाला?

आजीची_जपमाळ:
शेजारीबुवा, प्रश्न रास्त आहे, रागावले नाही. पण पॅरिश म्हणजे नुसती इमारत नव्हे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर संत जस्टिन यांनी रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात ऐपतवाले स्वखुशीने देतात, ते प्रमुखाकडे जमा होतं, आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे पाहुणे यांची काळजी घेतो. पिशवी आणि गरीब हे पहिल्यापासून एकाच वाक्यात आहेत. आता एखाद्या पॅरिशमध्ये पिशवीतून गरिबांकडे काहीच जात नसेल तर तो त्या पॅरिशचा दोष, पिशवीचा नाही.

बाळे, तुला एक सांगते. विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट दर वर्षी प्रवचनात ऐकवतात, "पाहा, गरिबाने सगळं दिलं." मी स्वतः विधवा आहे, म्हणून मला ती जास्त टोचते. मार्कच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात त्या गोष्टीच्या अगदी आधीची ओवी वाच. तिथे येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर तुटून पडलाय. त्या बाईचं कौतुक आहेच, पण तिच्याकडून काढून घेणाऱ्यांना शाबासकी नाही. तुझ्या सासूबाईंच्या औषधाचे पैसे पाकिटात घालू नकोस. ज्या वर्षी देणं जमत नाही त्या वर्षी वेदीवरची फुलं बदल, लहान मुलांना धर्मशिक्षण शिकव. तेही देणंच आहे.

टेबलावरचा:
मी आमच्या पॅरिशमध्ये नऊ वर्षं रविवारचं कलेक्शन मोजतोय, तेव्हा आतली बाजू सांगतो. (तुमच्याकडची पद्धत थोडी वेगळी असू शकेल.)

मिस्सा संपली की पिशव्या सॅक्रिस्टीत (वेदीजवळच्या तयारीच्या खोलीत) येतात. मोजायला आम्ही कायम तिघं, एकाच घरातले दोघं कधीच नाही. टेबलावर आधी जुनं बेडशीट पसरतो, नाहीतर नाणी घरंगळून कपाटाखाली जातात आणि मग तीन म्हातारे गुडघ्यांवर. पिशव्या उलट्या केल्या की नोटांबरोबर शर्टाची बटणं, बसची तिकिटं, एकदा तर कानातला एक डूल. सुटे पैसे वेगळे, पाकिटं वेगळी. पाकीट फोडलं की आतली रक्कम लगेच पाकिटावरच लिहायची आणि वहीत त्या क्रमांकापुढे मांडायची. तक्त्यावर तिघांच्या सह्या, पिशवीला सील, दुसऱ्या दिवशी बँक. फादर मोजायला बसत नाहीत आणि आम्हाला तेच बरं वाटतं. त्यांच्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही.

आता मोजणाऱ्याच्या नजरेतून तुमचा प्रश्न. सणाला चर्च भरतं, पिशव्या जड होतात, आणि लोकांना वाटतं पॅरिश श्रीमंत आहे. पण विजेचं बिल, स्वच्छता करणाऱ्या बाईंचा पगार, दुरुस्त्या, धर्मप्रांताला (बिशपांच्या विभागाला) द्यायचा वाटा हे बाराही महिने असतं. सुट्टीच्या दिवसांत आणि मुसळधार पावसाच्या रविवारी पिशव्या निम्म्याने हलक्या होतात, बिल मात्र तेवढंच येतं. त्या दिवसांत पॅरिश चालते ती पाकिटांवर आणि बँकेतून आपोआप येणाऱ्या रकमेवर. म्हणून लहान पण नेमकी रक्कम आम्हाला वर्षातून एकदा आलेल्या मोठ्या नोटेपेक्षा जास्त उपयोगाची. त्यावर पुढचा अंदाज बांधता येतो.

आणखी एक. सगळीच कलेक्शनं पॅरिशकडे राहत नाहीत. गुड फ्रायडेचं पवित्र भूमीसाठी जातं, ऑक्टोबरातल्या मिशन संडेचं मिशनकार्याला, आणि जूनअखेरचं, संत पेत्र आणि पौल यांच्या सणाच्या आसपासचं, पोपमहोदयांच्या सेवाकार्याला. त्या दिवशी भरभरून टाकून "यंदाचं आमचं झालं" म्हणणारे बरेच भेटतात. त्यांचा पैसा सत्कारणी लागतो, पण आपल्या छपराला लागत नाही.

आकडा हवा असेल तर: आठवड्यातल्या एका तासाची कमाई. चाळीस तास काम करत असाल तर अडीच टक्के होतात. तेही जड वाटलं तर अर्ध्या तासापासून सुरू करा. पुढच्या वर्षी फॉर्म पुन्हा येतोच!

मधली_रांग:
यात भर म्हणून विचारतो. कोणाच्या तरी नावाने मिस्सा अर्पण करायला फादरांना जे पैसे देतो ते या फॉर्ममध्ये धरायचे का? आमच्याकडे सगळे त्याला मिस्साची "फी" म्हणतात.

कलम_किडा:
नाही, ते वेगळं. आणि फी तर मुळीच नाही. कॅनन 947 प्रमाणे मिस्साच्या अर्पणात व्यवहाराचा नुसता वाससुद्धा नको. 2020 च्या जुलैत व्हॅटिकनच्या धर्मगुरूंसाठीच्या विभागाने पॅरिशवर जी सूचनापुस्तिका काढली, तिच्यातही हेच आहे: अर्पण स्वेच्छेचं हवं, किंमत किंवा कर असल्यासारखं मागायचं नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठीही मिस्सा अर्पण करावी अशी धर्मगुरूंना आग्रहाची शिफारस आहे (कॅनन 945).

रविवारची_घाई (धागाकर्ती):
सगळ्यांचे आभार. आजी, ती ओवी नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "हे प्रवचनात का नाही सांगत?"

काल फादरांना भेटून आले. तुमच्या सल्ल्याप्रमाणे स्पीकरपासून सुरुवात केली नाही. म्हटलं, "फादर, फॉर्म भरायचाय, पण त्याआधी छपराच्या वर्गणीचं काय झालं ते कळलं तर भरताना मन लागेल." ते दोन क्षण गप्प राहिले. मला वाटलं, झालं! मग त्यांनी कपाटातून फाईल काढली आणि कमिटीच्या सेक्रेटरींना फोन लावला.

स्पीकर एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ दिलेत, वर्गणीचा त्यात छदामही नाही. आमचा संशय चुकीचा होता, नवऱ्याने मान्य केलं (कुरकुरत). पण छपराच्या पैशातला काही भाग वीजवाहिन्या बदलायला वापरला गेलाय. पाणी गळून आतल्या वायरी जळल्या होत्या, मिस्सा बंद ठेवायची वेळ आली असती. कमिटीच्या वहीत नोंद आहे. लोकांना मात्र कोणी सांगितलं नाही. बाकीची रक्कम वेगळ्या खात्यात आहे आणि ठेकेदाराचा अंदाज दर वर्षी तिच्या पुढे पळतोय.

फादर म्हणाले, "सांगायला हवं होतं. राहिलं." पुढच्या महिन्यात फलकावर तक्ता लागेल. बघू.

कलम_किडा:
वायरी तातडीच्या होत्या हे समजू शकतं, तरी ती रक्कम सर्वसाधारण खात्यातून छपराच्या खात्यात परत यायला हवी, आणि तसं तक्त्यावर दिसायला हवं. हे कमिटीला लेखी कळवा, गोड शब्दांत. तोंडी सांगितलेलं इतिवृत्तात येत नाही.

टेबलावरचा:
"सांगायचं राहिलं" हा आमच्या सगळ्या कमिट्यांचा आजार आहे. चोरी क्वचित, आळस कायम. मी स्वतः कमिटीत आहे, तेव्हा हे माझ्याबद्दलही समजा.

रविवारची_घाई (धागाकर्ती):
कळवते. फॉर्म भरला. अर्ध्या तासाची कमाई, दर आठवड्याची. नवऱ्याची अट अशी की तक्ता लागला की एक तास करायचा, नाही लागला तर अर्धाच. मला ही सौदेबाजी वाटते, पण सही त्यानेही केलीय, म्हणून गप्प बसले.

शेवटचं विचारते आणि धागा थांबवते. नवी पाकिटं छापून यायला वेळ आहे म्हणे. बाबांची ती 19 कोरी पाकिटं वापरली तर चालतील का? वर गेल्या वर्षीच्या तारखा आहेत.

टेबलावरचा:
चालतील. जुनी तारीख पेनाने खोडून नवी घाला. पेन्सिल नको, मोजताना बोटांना लागून पुसते. मात्र त्याआधी ऑफिसात जाऊन त्या क्रमांकापुढचं नाव बदलून घ्या. नाहीतर वर्षअखेरची पावती बाबांच्या नावाने येईल.

रविवारची_घाई (धागाकर्ती):
हो, जाते. नाव बदलायला मात्र पुढच्या आठवड्यात.