'गोल्डफिंगर'मधला निळा टर्किश सूट शिवतोय: आसन ओढतंय, कापडही हवंय

गजकात्री (ठाणे)

मंडळी, १९६४च्या 'गोल्डफिंगर' या बाँडपटात मायामीच्या हॉटेलात, तलावाकाठी, शॉन कॉनरी एक फिकट निळा सूट घालतो. टॉवेलच्या कापडाचा, वरपासून खालपर्यंत एकसंध. आखूड बाह्या, उघडी कॉलर, पुढे चेन, कमरेला पट्टा, पाय जेमतेम मांडीपर्यंत. जेम्स बाँडच्या सगळ्या कपड्यांत लोक सर्वांत जास्त हसतात ते यालाच. मला तो मनापासून आवडतो आणि मी तो स्वतःसाठी शिवायला घेतलाय.

मी ६१ वर्षांचा. रोज पहाटे साडेपाचला पालिकेच्या तलावावर पोहायला जातो. डिसेंबरात पाण्याबाहेर आलं की वारा अंगाला झोंबतो. टॉवेल गुंडाळावा तर एक हात तो धरण्यातच अडकतो, शर्ट घालावा तर ओल्या पाठीला चिकटून बसतो. त्या सूटमध्ये माणूस चेन वर ओढतो की झालं. दोन्ही हात मोकळे, अंगचं पाणी कापडच टिपून घेतं. शिवाय तो झग्यासारखा लोंबत नाही. खांद्याला शर्टासारखा बसतो, कमरेत धरतो. ज्यानं बेतला त्यानं विचार करून बेतलाय.

वडील गिरगावात शर्ट-पँट शिवायचे. काज करण्यापासून त्यांच्या हाताखाली शिकलो, मग ३४ वर्षं नोकरीत गेली. यंत्र त्यांचंच आहे, पायानं चालवायचं.

आता अडचण. आधी मांजरपाटाचा नमुना शिवून पाहिला. छाती ४०, कंबर ३७, उंची ५ फूट ७ इंच. नुसतं उभं राहिलं तर आरशात अगदी हवा तसा दिसतो. पण हात वर केले की आसनात (दोन पायांमधल्या जोडात) करकचतं आणि खाली वाकलो की मानेमागची कॉलर दोन बोटं खाली खेचली जाते. मी शर्टाचा आणि हाफपँटचा बेत कमरेत जोडला होता. तिथंच चुकलं असणार, पण किती आणि कुठं वाढवू?

दुसरं कापडाचं. एका दुकानात 'शुद्ध सुती' म्हणून अर्धा मीटर टर्किश दिलं. घरी येऊन चार धागे उपटून काडी लावली तर टोकाला काळा, कडक मणी, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेलं. असं कापड पाणी काय टिपणार? चांगलं कापड कुठं आणि कोणत्या वजनाचं घ्यावं?

आणि तिसरं, निळा नेमका कोणता?

उरेबपट्टी (मिरज)

दादा, मी वीस वर्षं लहान मुलांचे बाबासूट शिवते. हे दुखणं माझ्या रोजच्या ओळखीचं. शर्ट आणि पँट वेगळे असतात तेव्हा वाकताना मधे फट पडते आणि ती सगळं सांभाळून घेते. एकसंध कपड्यात ती फट नाही, म्हणून तेवढं कापड आधीच आत ठेवावं लागतं.

छाती-कंबर बाजूला ठेवा. टेप खांद्याच्या मध्यावर धरा, पोटावरून खाली न्या, दोन पायांच्या मधून पाठीवर घ्या आणि परत त्याच खांद्यावर आणा. टेप अंगाला टेकू दे, आवळू नका. एकदा उभं राहून घ्या, एकदा खुर्चीत बसून. जे मोठं येईल ते धरा आणि वर निदान ३ इंच सैल ठेवा. टर्किश जाड असतं, शिवल्यावर ते थोडं माप खातं, म्हणून मी तर ४ म्हणेन.

आणि ही वाढ पुढून-पाठून सारखी वाटू नका. वाकताना पाठ लांबते, पोट नाही. पाठीला कमरेच्या वर जास्त द्या आणि कमरेमागे इलॅस्टिक घाला, म्हणजे उभं असताना ते लोंबणार नाही. पट्टा पुढून बांधला की दिसायचंही नाही.

हात वर करताना ओढतं त्यात मुंड्याचाही (बाही जोडतो त्या गोलाईचाही) दोष आहे. मुंडा खोल ठेवला असेल तर वर घ्या. लोकांना उलट वाटतं, पण काखेजवळचा मुंडा हाताबरोबर हलतो, खोल मुंडा सगळा कपडाच वर ओढतो.

पूर्वभाग_माग (सोलापूर)

टर्किशसाठी सोलापूर सोडून कुठं चाललात? आमच्या टॉवेलला चादरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे. घरात तीन पिढ्या माग आहेत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

टॉवेलच्या मागाला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात. एकाचे धागे ताठ, दुसऱ्याचे सैल. बाण्याचे तीन आडवे धागे थोडं अंतर राखून पडतात, मग फणी तिन्ही एकदम पुढे ठोकते. ताठ धागे जागच्या जागी राहतात, सैल धागे मधल्या मधे उभे राहतात. तोच फासा. फासा जितका उंच तितकं पाणी जास्त पितो, पण तितकाच जडही होतो. अंग पुसायच्या चांगल्या टॉवेलचं वजन चौरस मीटरला ४५० ते ५५० ग्रॅम असतं. त्याचा सूट शिवलात तर भिजल्यावर खांद्यावरून ओघळेल. तुम्हाला ३०० ते ३५० ग्रॅमचं हवं. एकाच बाजूला फासे असलेलं मिळालं तर उत्तम, फासे आत अंगाकडे ठेवायचे की बाहेर ते तुम्ही ठरवा.

तयार टॉवेल जोडून शिवू नका, काठ आडवे येतात. विणकराकडून बिनकाठाचा तागा मागा. कापायच्या आधी दोनदा गरम पाण्यातून काढा. ताण्याच्या दिशेनं जास्त आकसतं, म्हणजे नेमकं तुमच्या खांद्यापासून आसनापर्यंतच्या मापात. नाहीतर ताईंनी सांगितलेले ४ इंच पहिल्याच धुण्यात जातील.

तलावात क्लोरीन असणार, तर रंग व्हॅटचा (धाग्यात पक्का बसणारा) आहे का ते विचारून घ्या. साधा रंग एका उन्हाळ्यात पांढुरका पडतो. काडी लावून पाहिलीत ते बरोबरच केलंत. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख राहते.

मॅटिनीचं_तिकीट (पुणे)

निळ्याबद्दल. पडद्यावरचा तो रंग मायामीच्या उन्हातला समजून जुळवू नका. १९६४च्या जानेवारीत दिग्दर्शक गाय हॅमिल्टन छोटी तुकडी घेऊन फाँटेनब्लो हॉटेलात चित्रण करून आले तेव्हा कॉनरी हिचकॉकच्या 'मार्नी'त अडकला होता. बाँडचा मित्र फेलिक्स लायटर याचं काम करणारा सेक लिंडर तिथं होता, कॉनरी नव्हता. कॉनरीचे तलावाकाठचे प्रसंग नंतर इंग्लंडमध्ये, पाइनवूड स्टुडिओत घेतले, मागे मायामीची दृश्यं सोडून. म्हणजे कॉनरी तो सूट घालून मायामीच्या उन्हात गेलाच नाही, आपण पाहतो तो निळा स्टुडिओच्या दिव्यांखालचा आहे. वेगवेगळ्या डिस्कवरही तो सारखा दिसत नाही. धुतलेल्या आकाशाच्या जवळपासचा, हिरव्याकडे न झुकणारा निळा घ्या.

मला त्या प्रसंगात एक गोष्ट फार आवडते. बाँड त्याच टॉवेली कपड्यात थेट खलनायक गोल्डफिंगरच्या खोलीत शिरतो. त्यात पिस्तूल ठेवायला जागा नाही, तरी चेहऱ्यावर घाई नाही. काळा डिनर सूट घालून कोणीही रुबाबदार दिसेल, इथं मात्र चालण्यातूनच सगळं यावं लागतं.

एक सुचवू का? दोन भाग करा. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत तलावाकाठी एकाच छापाचा शर्ट आणि आखूड चड्डी असा जोड पुरुष सर्रास घालत, काहींत शर्टाला आतून टर्किशचं अस्तर असे. काळ तोच राहील आणि आसनाची कटकट संपेल.

गजकात्री (ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. पुणेकर, दोन भाग मी करणार नाही. तो जोडही देखणाच असतो, पण ओल्या अंगावर शर्ट वर सरकतो आणि गार वारा लागतो तो बरोबर कमरेतच. एकसंध असण्यातच या कपड्याचा जीव आहे. रंगाचं तुमचं म्हणणं मात्र पटलं. मी पडद्यासमोर दोऱ्यांची रिळं धरून बसलो होतो, ते आता बंद.

ताई, काल तुम्ही सांगितलं तसं माप घेतलं. उभं राहून ६४, बसून ६५. माझा मांजरपाट भरला साडेपासष्ट! म्हणजे सैलपणा म्हणून मी फक्त अर्धा इंच ठेवला होता. नवा नमुना ६९चा बेतला, वाढीतला मोठा भाग पाठीला दिला, मुंडा पाऊण इंच वर घेतला. घालून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा काढला, मग उकिडवा बसून बुटाची नाडी बांधली. कुठंच ओढलं नाही, कॉलर जागची हलली नाही.

सोलापूरकर, दुकानातल्या त्या अर्ध्या मीटरवर शिलाईचा सराव केला. कात्री लावताच फाशांचा भुगा सगळ्या टेबलावर. म्हणून आता कडा कापल्या कापल्या ओव्हरलॉक करून घेणार. यंत्राचा पाय फाशांत अडकून वरचं कापड पुढे सरकत होतं. कापडावर पातळ कागद ठेवून शिवलं आणि नंतर तो फाडून काढला, टीप सरळ आली. टाका मोठा ठेवलाय, माया (शिवणीबाहेर सोडायचं कापड) अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंच. चेनच्या दोन्ही बाजूंना सुती पट्टी लावणार, नाहीतर फासे दातांत जातील. फासे आतल्या बाजूला घ्यायचं ठरलंय. कॉलर आणि खिसा मात्र फासे बाहेर ठेवून, म्हणजे टर्किश आहे हे लांबूनही दिसेल.

६० इंच पन्ह्याचं, ३२० ग्रॅमच्या आसपासचं, व्हॅट रंगाचं तीन मीटर लागेल. आकसणं धरून हे पुरेल ना? चेन २२ इंची आणून ठेवली आहे.

पूर्वभाग_माग (सोलापूर)

पुरेल, पट्टाही निघेल. तीन निळ्यांचे तुकडे पोस्टानं पाठवतो. प्रत्येकाचा अर्धा भाग क्लोरीनच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवा आणि मग कोणता ते सांगा.